सव्वा महिना पोट बांधलं की झालं? नाही होत

आमच्या घरच्या ग्रुपवर नागपूरच्या महाल भागातल्या मावशीनं पुढे ढकललेला निरोप असा: बाळंतिणीनं सव्वा महिना पोट करकचून बांधावं, बाकी सगळं आपोआप जागेवर येतं. केगल व्यायाम, म्हणजे लघवी रोखून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणं-सोडणं, हे आजकालचं फॅड. करायचाच तर लघवी मध्येच अडवून करावा. सिझरवालीला तर गरजच नाही. आणि शिंकताना लघवीचं थोडं गळतंच, त्याचं काय एवढं!

‘आजकालचं’ म्हणाल तर अर्नोल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाचा लेख १९४८ चा. मावशीच्या जन्माआधीचा.

पोट बांधल्यानं कंबरेला बरं वाटतं, हे खरंच. पण ज्या स्नायूंबद्दल बोलतोय ते पोटावर नाहीतच. ओटीपोटाच्या पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ते झोळीसारखे ताणलेले असतात, आणि मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय त्या झोळीवर पेललेले. वरून फडकं आवळून झोळीत ताकद कशी येणार?

सिझरमध्ये खालची वाट फाटत नाही, कबूल. पण नऊ महिने ओझं वाहिलं ते याच झोळीनं. गळण्याचा धोका कमी होतो, संपत नाही.

लघवी अडवणं मात्र खरंच वाईट सल्ला. स्नायू नेमका कुठला हे कळायला एखादे वेळी ठीक. रोज केलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही, संसर्गाला निमंत्रण. त्यापेक्षा चारचौघांत वायू दाबून धरतो ना, तसं आत-वर ओढायचं, झेपेल तितके सेकंद धरायचं आणि पूर्ण सोडायचं. सोडणं बऱ्याच जणी विसरतात. श्वास चालू, मांड्या-कुल्ले सैल. एका वेळी ८, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. लघवीची नळी निघाली आणि दुखत नसेल तर पहिल्या काही दिवसांतच, पडल्या पडल्या, बाळाला पाजताना सुरू करता येतं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू चालू ठेवा, त्यांच्याशी भांडण नाही.

राहिलं ‘थोडं गळतंच’. बाळंतपणानंतर साधारण तिघींत एकीला हा त्रास होतो, म्हणून तो मुकाट सोसायचा असं कुठे आहे? मावशीला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती जराशी थांबली, मग हळूच म्हणाली, “साठीनंतर केलं तर चालते का वं?” चालतं.

३ महिने करूनही गळत असेल, खाली काही उतरल्यासारखं जड वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आकसताना दुखत असेल तर व्यायाम थांबवून आधी फिजिओथेरपिस्टकडे जा; काहींचे स्नायू ढिले नसतात, उलट जास्त आवळलेले असतात. नागपुरात मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, फिजिओथेरपीचा विभाग आहे.