रँकर, खोबरं आणि घंगाळ

परवा लेक दप्तर टाकता टाकताच म्हणाली, "आई, इंग्रजीत रँकर (rancour) म्हणजे राग ना? मग बाईंनी चूक का दिलं?"

चूकच आहे ते. राग दुधासारखा उतू जातो आणि खाली बसतो. रँकर साठवलेला असतो. कोशात 'द्वेष, वैर, आकस' अशी रांग लावलेली, त्यातून तिला काय कळणार? मागच्या दिवाळीच्या चिवड्यातली खोबऱ्याची एक वाटी डब्यात राहिली होती, वडोदऱ्याचा अख्खा मे महिना खाऊन. वरून पांढरीशुभ्र. लेकीने तुकडा तोंडात टाकला आणि सिंककडे पळाली. "शी! खवट!"

"हाच रँकर," मी म्हटलं.

थट्टा नव्हती हो. लॅटिनमध्ये हा शब्द मुळात खवट, नासक्या वासाचाच. तेल-तूप खवट झालं की इंग्रजीत रँसिड म्हणतात, तोही त्याच घरातला. आपणही खवट म्हातारा, खवट बोलणं म्हणतोच. आणि आमच्या शेजारच्या गुजराती बा एखाद्याची नियत वाईट दिसली की म्हणतात, "एनी दानत तो खोरा टोपरा जेवी छे." खोरं म्हणजे खवट, टोपरं म्हणजे सुकं खोबरं. रोमनांनी नारळ बहुधा पाहिलाही नसेल, पण वास त्यांनाही तोच आला!

म्हणून रँकरला 'डूख' म्हणणं मला पटत नाही. डूख धरणारा कधीतरी डसतो. रँकरवाला डसेलच असं नाही. 'अढी' जवळचा शब्द, पण अढीत आंबे निदान पिकतात.

माझी आत्या घ्या. दांडिया बाजारातल्या घराच्या वाटणीत आजीचं तांब्याचं घंगाळ काकांकडे गेलं. त्याला चाळीस वर्षं झाली. भांडण नाही, अबोला नाही. काका आले की आत्या आल्याचा चहा टाकते, बशीत खारी मांडते आणि कप पुढे सरकवताना विचारते, "दादा, आंघोळीचं पाणी अजून घंगाळातच काढतोस ना रे?" काका खारी बुडवत बसतात.

इंग्रजीत हा शब्द पुष्कळदा नकारातच भेटतो, 'विदाउट रँकर'. म्हणजे मनात काही न ठेवता. स्पेलिंगचीही गंमत आहे: ब्रिटिश रँकरमध्ये यू असतो, अमेरिकन लोक तो गाळतात, आणि रँकरस असं विशेषण केलं की ब्रिटिशही गाळतात. लेकीने तिथे यू घातला होता. अर्धा मार्क गेला.

रात्री तिची वही पाहिली. रँकरसमोर आधीचा 'राग' खोडून तिने एकच शब्द लिहिलाय: घंगाळ.

बाई काय देतात बघू.