ग्रीसला पैसे दिले म्हणजे नेमके कोणाला दिले?

ग्रीसच्या कर्जसंकटाचा विषय निघाला की एक ठरावीक मजकूर पुन्हा पुन्हा समोर येतो. त्याचा आशय असा: ग्रीक लोक आळशी, पन्नाशीत पेन्शन घेऊन समुद्रकिनारी बसणारे, सरकारने फुकट वाटून तिजोरी रिकामी केली, जर्मनीने आपल्या करदात्यांच्या घामाचे अब्जावधी युरो दिले, तर ग्रीकांनी सार्वमत घेऊन परतफेडच नाकारली, आणि युरो सोडून ड्राख्मा हे जुने चलन परत आणले असते, तर देश दोन वर्षांत उभा राहिला असता. यातल्या प्रत्येक विधानाला सत्याचा थोडा अंश चिकटलेला आहे, म्हणूनच ते सहज पटते आणि म्हणूनच ते एकेक करून तपासायला हवे.

आळसाचा आरोप सर्वांत लवकर निकालात निघतो. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या आकडेवारीनुसार संकटाच्या काळात ग्रीसमधला काम करणारा माणूस वर्षाला सरासरी दोन हजारांहून अधिक तास राबत होता, तर जर्मनीतला सुमारे चौदाशे तास. छोटी दुकाने, शेती आणि स्वयंरोजगार यांचे प्रमाण ग्रीसमध्ये मोठे असल्याने तास वाढतात आणि तासामागचे उत्पन्न मात्र कमी राहते. याला उत्पादकतेची उणीव म्हणावे, आळस नव्हे. काही गटांना पन्नाशीच्या आसपास निवृत्त होता येत असे, हे खरे आहे आणि ते चुकीचेही होते; पण निवृत्तीचे सरासरी वय एकसष्टच्या आसपास होते, म्हणजे जर्मनीपेक्षा फारसे वेगळे नव्हते.

फुकट वाटपाच्या मुद्द्यात तथ्य अधिक आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. सरकारी पगारांवरचा खर्च युरोच्या पहिल्या दशकात भरमसाट वाढला, लष्करी खर्च नाटो देशांत वरच्या क्रमांकाचा होता आणि हिशेबही खोटे होते. ऑक्टोबर २००९ मध्ये सत्तेवर आलेल्या जॉर्ज पापांद्रेऊ यांच्या सरकारने त्या वर्षाची तूट जीडीपीच्या १२.७ टक्के असल्याचे जाहीर केले आणि पडताळणीनंतर तो आकडा १५ टक्क्यांच्याही वर गेला; युरोच्या नियमानुसार मर्यादा तीन टक्क्यांची आहे. पण तिजोरी नुसती वाटल्याने रिकामी होत नाही, ती भरली न गेल्यानेही होते. अथेन्सच्या उत्तरेकडील श्रीमंत उपनगरांत ३२४ जणांनी घरी पोहण्याचा तलाव असल्याचे करविवरणात नोंदवले होते. उपग्रहाच्या छायाचित्रांत तलाव दिसले सुमारे १७ हजार. बुडवणारे हे होते, आणि पुढे कपात झाली ती मुख्यतः पगारदारांच्या आणि पेन्शनरांच्या उत्पन्नात.

शिवाय कर्ज घेणाऱ्याबरोबर देणाराही असतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ग्रीसला दोन अंकी व्याज मोजावे लागत होते. २००१ मध्ये देश युरोत आला आणि २००५ च्या सुमारास ग्रीस व जर्मनी यांच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरील व्याजात जेमतेम पाव टक्क्याचा फरक उरला. ग्रीस या काळात काही जर्मनीइतका भक्कम झाला नव्हता. चलन एक म्हणजे जोखीमही एक, असे फ्रेंच आणि जर्मन बँकांनी गृहीत धरले. जोखीम न पाहता कर्ज देणे ही सावकाराची चूक असते, आणि तिचा भार सावकारानेही उचलायचा असतो.

यामुळेच जर्मनीने पैसे दिले हा या मजकुराचा गाभा मला सर्वांत घातक वाटतो. मे २०१० मध्ये ग्रीसला ११० अब्ज युरो मंजूर झाले, त्यांपैकी ८० अब्ज युरो-देशांचे आणि ३० अब्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे. ते दान नव्हते. कर्ज होते, आणि सुरुवातीला त्यावर पाच टक्क्यांच्या आसपास व्याज होते. हे पैसे गेले कोठे, याचा हिशेब बर्लिनमधील ईएसएमटी या व्यवस्थापन संस्थेने २०१६ मध्ये मांडला. अशा मदत-कर्जाच्या पहिल्या दोन कार्यक्रमांतील सुमारे २१६ अब्ज युरोंपैकी थेट ग्रीक सरकारच्या अंदाजपत्रकात पोचले ते ९.७ अब्ज, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. उरलेली रक्कम जुनी कर्जे, त्यांवरील व्याज, रोखेधारकांना तडजोडीसाठी दिलेली प्रलोभने आणि बँकांना नव्याने पुरवलेले भांडवल यांत गेली. या मांडणीवर एक रास्त आक्षेप घेता येतो: जुनी देणी बाहेरच्या पैशातून भागली नसती, तर सरकारला पगार आणि पेन्शन याहूनही अधिक वेगाने कापावी लागली असती. तो मान्य करूनही पैशाची वाट बदलत नाही.

आपल्याकडे मार्चअखेरीस विकास सोसायटीच्या कर्जाचे नवे-जुने केले जाते. जुने खाते नव्या कर्जातून मिटते, कागदावर परतफेड होते, शेतकऱ्याच्या हाती प्रत्यक्षात काही पडत नाही आणि मुद्दल डोक्यावर तसेच राहते. ग्रीसचे २०१० मध्ये मोठ्या प्रमाणावर हेच झाले. फरक इतकाच की इथे नवे-जुने होताना सावकारही बदलला. खाजगी बँकांच्या अंगावरची जोखीम युरोपातील करदात्यांच्या अंगावर गेली. मार्च २०१२ मध्ये खाजगी रोखेधारकांना मूळ रकमेच्या ५३.५ टक्के सोडून द्यायला लावले गेले खरे, पण मधल्या दोन वर्षांत परदेशी बँकांनी आपली गुंतवणूक बरीच कमी केली होती आणि त्या कपातीचा मोठा फटका ग्रीक बँकांना आणि ग्रीसच्याच पेन्शन निधींना बसला. जर्मन करदात्याची फसवणूक झाली असे मलाही वाटते, पण ती ग्रीक पेन्शनराने केलेली नाही. नाणेनिधीने जून २०१३ च्या आपल्या अहवालात पहिल्या कार्यक्रमात लक्षणीय अपयशे आल्याचे कबूल केले आणि कर्जाची पुनर्रचना आधीच झाली असती तर बरे झाले असते, असेही म्हटले. तोवर बेकारी २७ टक्क्यांवर गेली होती. २००८ ते २०१३ या काळात अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आकसली, आणि उत्पन्नच घटल्याने कर्जमाफीनंतरही २०१४ मध्ये कर्ज जीडीपीच्या सुमारे १८० टक्के होते. २००९ मध्ये ते १२७ टक्क्यांच्या आसपास होते.

आता ड्राख्मा. स्वतःचे चलन असलेला देश अडचणीत आला की चलनाचे अवमूल्यन होते, निर्यात स्वस्त होते, आयात आटते आणि वेतन न कापता तोल सावरतो. हा युक्तिवाद सिद्धान्त म्हणून बरोबर आहे, आणि २००२ नंतरच्या अर्जेंटिनाचे उदाहरण त्यासाठी दिले जाते. पण अर्जेंटिनात पेसो चलनात होताच. तोडायची होती ती त्याची डॉलरशी बांधलेली गाठ. ग्रीसकडे ड्राख्माच्या नोटा उरल्या नव्हत्या, देणी युरोत होती आणि २०१२ मध्ये बदललेले रोखे इंग्लंडच्या कायद्याखाली होते, म्हणजे अथेन्सच्या संसदेने ठराव करून त्यांचे चलन बदलता आले नसते. चलन अर्ध्यावर आले असते तर कर्ज दुप्पट झाले असते. तेल आणि औषधे बाहेरून येतात. आणि चलन बदलणार, अशी नुसती कुजबुज झाली तरी प्रत्येक ठेवीदार बँकेकडे धावतो. जून २०१५ मध्ये केवळ त्या भीतीने काय झाले ते जगाने पाहिले: युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक बँकांना होणाऱ्या आणीबाणीच्या पतपुरवठ्याची मर्यादा वाढवायचे थांबवले, बँका बंद झाल्या आणि एटीएमसमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दिवसाला ६० युरोंहून अधिक काढता येईना. भांडवलावरचे हे निर्बंध पूर्णपणे उठायला सप्टेंबर २०१९ उजाडला. जुलै २०१५ मध्ये जर्मनीचे अर्थमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांच्या खात्याने ग्रीसला पाच वर्षे युरोबाहेर ठेवण्याचा पर्याय मांडला, तेव्हाही बहुसंख्य ग्रीक जनतेला युरोतच राहायचे होते. तो हट्ट नव्हता. आयुष्यभराची बचत ज्या चलनात आहे, ते सोडायला माणूस का धजत नाही, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

दोष युरोच्या रचनेत होता, आणि तो आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवा. महाराष्ट्र आणि बिहार एकच रुपया वापरतात, पण त्यांच्यामागे केंद्राची तिजोरी आहे, वित्त आयोगामार्फत करांचा वाटा पोचतो, आणि पाटण्यातल्या खातेदाराच्या ठेवीचा विमा बिहार सरकारच्या पतीवर अवलंबून नसतो. युरोत चलन एक झाले. तिजोरी आणि ठेवींचा विमा ज्याचा त्याचा राहिला.

राहिला सार्वमताचा मुद्दा. ५ जुलै २०१५ रोजी विचारलेला प्रश्न कर्ज फेडायचे की नाही हा नव्हता. धनकोंनी पुढे केलेल्या अटी मान्य आहेत का, हा होता. ६१ टक्के मतदारांनी नाही म्हटले. आठवडाभरातच अॅलेक्सिस त्सिप्रास यांच्या सरकारला सतरा तासांच्या बैठकीनंतर त्याहून कडक अटी स्वीकाराव्या लागल्या. ३० जूनला चुकलेला नाणेनिधीचा हप्ता २० जुलैला भरला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये तिसरा कार्यक्रम संपला आणि २०२२ मध्ये नाणेनिधीचे कर्ज मुदतीच्या दोन वर्षे आधी फिटले. युरो-देशांच्या कर्जासाठी ग्रीसने २०६० पर्यंत, व्याज वगळून, दरवर्षी सरासरी जीडीपीच्या २.२ टक्के शिल्लक दाखवण्याचे बंधन पत्करले आहे. आणि २०१२ मध्ये एका फटक्यात ७५१ वरून ५८६ युरोंवर आणलेले किमान मासिक वेतन जुनी पातळी ओलांडून गेले ते थेट एप्रिल २०२३ मध्ये, तेही मधल्या अकरा वर्षांची महागाई हिशेबात न धरता.