पोस्ट ऑफिस नैऋत्येलाच आहे : दिशाज्ञानावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

स्पर्धा परीक्षांतल्या दिशाज्ञानाच्या प्रश्नांवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही घातलेली खडाजंगी वाचली. पोलीस भरतीची तयारी चालू आहे म्हणता, म्हणजे एकेका मार्काचा जीव तुम्हाला माहीत आहे. तेव्हा राग समजू शकतो. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो, पण हाच आक्षेप आणखीही काहींनी घेतलाय, म्हणून जरा पसरून लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: भाऊंच्या मते पोस्टमनच्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलंय. ईशान्य पाहिजे तिथं नैऋत्य छापलंय आणि "काहून पोट्ट्यांना घोळात टाकता?" असा त्यांचा सवाल आहे. शिवाय, "एवढी आकृती काढत बसलो तर पेपर कधी होईन? आमचे सर बेरीज-वजाबाकीनं दोन ओळीत काढून देतात." कागदावरची उत्तर-दक्षिण सोडून झिरो माईलच्या खांबापाशी उभं करून नागपूरच्या रस्त्यांवर शिकवा, असा सल्लाही आहे. आणि 'सूर्य पूर्वेला उगवतो असं मानू' या माझ्या वाक्यावर टोमणा: मानायचं काय त्यात, तो पूर्वेलाच उगवतो.

आधी पोस्टमन. प्रश्न जसाच्या तसा पुन्हा देतो. एक पोस्टमन पोस्ट ऑफिसातून निघून दक्षिणेकडे 9 किमी जातो. तिथून डावीकडे वळून 5 किमी आणि पुन्हा डावीकडे वळून 21 किमी जातो. तर पोस्ट ऑफिस त्याच्यापासून किती अंतरावर व कोणत्या दिशेला आहे?

तुमचं गणित असं: दक्षिणेकडे तोंड असताना डावा हात पूर्वेला, म्हणून पूर्वेला 5. पूर्वेकडे तोंड असताना डावा हात उत्तरेला, म्हणून उत्तरेला 21. त्यातले 9 दक्षिणेचे गेले, राहिले 12. बारा आणि पाच म्हणजे पायथागोरसनं 13. उत्तर आणि पूर्वेच्या मधली ती ईशान्य. यातली एकही पायरी खोटी नाही. फक्त हे उत्तर 'पोस्टमन कुठे आहे?' या प्रश्नाचं झालं. विचारलंय पोस्ट ऑफिस कुठे आहे ते, आणि तेही पोस्टमनच्या जागेवरून. तो ऑफिसाच्या ईशान्येला, म्हणजे ऑफिस त्याच्या नैऋत्येला. 13 किमी, नैऋत्य. छापलेलं उत्तर बरोबर आहे आणि ते तसंच राहील.

हा प्रश्न मी मुद्दाम निवडला होता, कारण त्याच्या पर्यायांत सगळी मेख आहे. ईशान्य 13, नैऋत्य 13, आग्नेय 13 आणि नैऋत्य 35. पेपर काढणारा पर्याय हवेतून आणत नाही. डावं-उजवं उलटं धरणाऱ्याचा पोस्टमन दक्षिणेकडून पश्चिमेला आणि मग उत्तरेला जातो, वायव्येला पोचतो, आणि ऑफिस त्याला आग्नेयेला दिसतं. त्याच्यासाठी तिसरा पर्याय. चाललेलं सगळं अंतर मिळवून मोकळा होणाऱ्यासाठी पस्तीस. आणि सगळं बरोबर करून शेवटचं वाक्य नीट न वाचणाऱ्यासाठी पहिला. तुम्ही तिसऱ्या आणि चौथ्या सापळ्यातून सुटलात, पहिल्यात अडकलात, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की तयारी झालेली मुलं बहुतेक तिथंच अडकतात. वळणं कुणी चुकत नाही. 'कुणाच्या जागेवरून बघायचं' ते चुकतं.

म्हणून वळणांची ट्रिक पाठ करण्याआधी शेवटचं वाक्य वाचायची सवय लावा. याच पोस्टमनवर किती प्रश्न निघतात बघा. तो ऑफिसाच्या कोणत्या दिशेला आहे? ईशान्य. ऑफिस त्याच्या कोणत्या दिशेला? नैऋत्य. सरळ ऑफिसात परत जायचं तर कुठे जावं? नैऋत्येला. आता त्याचं तोंड कुठे आहे? उत्तरेला, कारण तोंड शेवटच्या बाणाबरोबर जातं, निघालेल्या जागेशी त्याचा काही संबंध नाही. आकृती एकच, उत्तरं तीन वेगवेगळी. वाक्यात 'च्या' किंवा 'पासून' ज्याला चिकटलंय त्या टिंबावर पेन्सिलीचं टोक टेकवायचं आणि तिथून दुसऱ्या टिंबाकडे बघायचं. 'त्याच्यापासून' म्हटलंय तर टोक पोस्टमनवर. मी इतकी वर्षं हेच सांगतोय आणि हेच सगळ्यांना फालतू वाटतं.

(जाता जाता: 12 उत्तर आणि 5 पूर्व ही दिशा उत्तरेपासून साधारण साडेबावीस अंशांवर येते, म्हणजे उत्तर आणि ईशान्य यांच्या बरोब्बर मध्ये. होकायंत्रावर 16 दिशा वाचणारा खलाशी तिला उत्तर-ईशान्य म्हणेल. आपल्या परीक्षेत आठच दिशा असतात. रेघ सरळ उत्तरेला नाही आणि सरळ पूर्वेलाही नाही, तर ती ईशान्य. यावरून वाद घालायला जाऊ नका.)

आता आकृती की बेरीज-वजाबाकी. तुमच्या सरांची पद्धत मला मान्य आहे. 'द 9, पू 5, उ 21' असं लिहून उत्तरेतून दक्षिण वजा करणं म्हणजे आकृतीच आहे, आकड्यांतली. काटकोनातली वळणं असतील तर खुशाल करा. पण ही मुलगी बघा: ती वायव्येकडे 10 मीटर चालते, मग नैऋत्येकडे 10 आणि मग आग्नेयेकडे 10. सुरुवातीच्या जागेपासून ती कुठे? बेरीज-वजाबाकीवाला इथं 10 ला दोनाच्या वर्गमुळानं भागायला बसतो. तीन तिरक्या रेघा ओढल्या की चौकोनाच्या तीन बाजू दिसतात, चौथी बाजू उघडी, आणि मुलगी 10 मीटरवर नैऋत्येला. वायव्य आणि आग्नेय समोरासमोरच्या दिशा, त्या एकमेकींना खाऊन टाकतात, उरते नैऋत्य. हे आकड्यांत दिसत नाही, चित्रात दिसतं.

वेळेचं म्हणाल तर पोलीस भरतीच्या लेखीला 100 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे 54 सेकंद. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटला, म्हणजे कल तपासणाऱ्या पेपरला, 80 प्रश्न आणि दोन तास, तिथं दीड मिनिट मिळतं, पण चुकीच्या उत्तराला मार्कही कापतात. 54 सेकंदांत तीन रेघा होत नाहीत असं नाही. होत नाही ती सुबक आकृती. पोरं पट्टी लावल्यासारखी रेघ ओढतात, 9 ची रेघ छोटी आणि 21 ची मोठी आली पाहिजे म्हणून खोडतात, चारही कोपऱ्यांत दिशांची नावं लिहितात. काही गरज नाही. प्रश्नपत्रिकेच्या समासात टिंब, खाली रेघ, उजवीकडे रेघ, वर लांब रेघ, बाजूला आकडे, निघालेल्या टिंबाभोवती गोल. झालं. 'डावीकडे'ला गडबडत असाल तर पत्रिकाच फिरवा, म्हणजे चालणाऱ्याचं तोंड तुमच्यापासून लांब, वरच्या बाजूला होईल. मग त्याचा डावा तो तुमचा डावा. पर्यवेक्षक काही म्हणत नाहीत.

जिथं आकृती काढूच नये असेही प्रश्न आहेत, हे लेखात पुरेसं ठळक आलं नसेल तर इथं घ्या. तोंड फिरवण्याचे प्रश्न. 'वायव्येकडे तोंड करून उभा असलेला माणूस घड्याळाच्या दिशेनं 90 अंश आणि मग उलट दिशेनं 135 अंश वळला.' इथं प्रत्येक वळण वेगळं काढणं म्हणजे वेळेची नासाडी. नव्वद पुढे, एकशेपस्तीस मागे, निव्वळ 45 मागे, म्हणजे आठ दिशांच्या चक्रातलं एक घर. वायव्येच्या मागचं घर पश्चिम. तसंच दिशांची अदलाबदल: 'आग्नेयेला उत्तर म्हटलं आणि ईशान्येला पश्चिम, तर पश्चिमेला काय म्हणतील?' आग्नेयेपासून उत्तर तीन घरं मागे आहे, ईशान्येपासून पश्चिमही तीन घरं मागे. मग पश्चिमेपासून तीन घरं मागे मोजा: नैऋत्य, दक्षिण, आग्नेय. उत्तर आग्नेय. यासाठी आठ दिशांचा क्रम उत्तरेपासून घड्याळाप्रमाणे तोंडपाठ पाहिजे, पाढ्यासारखा. पुढे म्हणता येतो, मागे म्हणताना अडखळता; तर मागे म्हणायचा सराव करा.

आता झिरो माईल. सल्ला चांगल्या मनानं दिलाय, पण घेणार नाही. नागपूरचे रस्ते प्रश्नपत्रिकेसारखे काटकोनात वळत नाहीत. आपल्या मेट्रोचंच बघा. सीताबर्डीला दोन मार्ग एकमेकांना छेदतात, एकाला उत्तर-दक्षिण म्हणतात, दुसऱ्याला पूर्व-पश्चिम. तो पूर्व-पश्चिमवाला सीताबर्डीहून कॉटन मार्केट गाठतो, तिथून रेल्वे स्टेशनासाठी वर उत्तरेला चढतो आणि मग कुठे प्रजापती नगरकडे पूर्वेची वाट धरतो. गाडीत बसून हे शिकलेला मुलगा पेपरमध्ये 'डावीकडे वळला' म्हटलं की किती अंश ते विचारत बसेल. पेपरच्या गावात पूल नाही, वन-वे नाही, डावीकडे म्हणजे काटकोनात डावीकडे. त्या गावाचे नियम वेगळे, तिथं आपलं नागपूर नेऊ नये.

एका कामासाठी मात्र नागपूर फार सोयीचं आहे. ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य यांत ज्यांची गल्लत होते त्यांनी शहराबाहेर जाणारे रस्ते आठवावेत. कामठी ईशान्येला, उमरेड आग्नेयेला, वर्धा नैऋत्येला. भंडारा जवळपास सरळ पूर्वेला, छिंदवाडा उत्तरेला, अमरावती पश्चिमेला. वायव्येला काटोल म्हणतात खरं, पण काटोल पश्चिमेच्याच जास्त जवळ आहे. तेवढं चालवून घ्या. घरी वास्तुशास्त्राचं वेड असेल तर देवघर ईशान्येला आणि स्वयंपाकघर आग्नेयेला हेही कानावर असेल. दिशा लक्षात ठेवण्यापुरतं ते कामाचं आहे, बाकीचं मी बोलत नाही.

राहिला सूर्य. 'मानू' हा शब्द मी विचार करून लिहिलाय. नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशाच्या जरासं वर आहे. 21 जूनच्या आसपास आपल्याकडे सूर्य नेमक्या पूर्वेपासून साधारण 25 अंश उत्तरेला सरकून उगवतो. त्या सकाळी गच्चीवर उभं राहून बघा, तुमची सावली पश्चिमेला न पडता बरीच दक्षिणेकडे झुकलेली असेल. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे दुपारची सावली दक्षिणेला पडते. डिसेंबरात बरोबर उलटं. शिवाय आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, नागपूर 79 च्या थोडं पुढे, म्हणून सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सहसा बारा वाजून गेलेले असतात. पेपरला यातलं काही नको असतं. तिथं सकाळी सावली पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला, संपलं. सकाळी सावली उजव्या हाताला पडली तर उजवा हात पश्चिमेला, म्हणजे तोंड दक्षिणेला. खरा सूर्य माहीत असलेला मुलगा इथं शंका काढत बसू नये, म्हणून 'मानू'.

शेवटची तुमची ओळ: "आयोगाच्या उत्तरतालिकेत असं आलं तर हरकत घेईन." जरूर घ्या. लोकसेवा आयोग आधी पहिली उत्तरतालिका लावतो, हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका काढतो. ती सोय त्यासाठीच आहे. फक्त हरकत लिहिताना आकृतीसोबत प्रश्नाचं शेवटचं वाक्यही उतरवून काढा, आणि ते उतरवताना 'त्याच्यापासून'खाली एक रेघ मारा.