नवऱ्याची सही

गर्भपाताबद्दल आजच्या पोरांना काय वाटतं, असं मला कुणी विचारलं तर सांगेन, वाटतं पुष्कळ, माहिती मात्र फार थोडी असते. मी दापोलीत कॉलेजात शिकवते. परवा राज्यशास्त्राच्या तासाला हा विषय निघाला. त्याआधी लिव्ह-इन, आंतरधर्मीय लग्न, समलिंगी जोडपी यांवर मतं पटापट येत होती, बहुतेक सगळी 'ज्याचं त्याने बघावं' अशी. गर्भपात म्हटल्यावर तीच पोरं थबकली.

"पाप आहे मॅडम," एक मुलगा म्हणाला. मी त्याला तोडलं नाही. जीव कधीपासून मानायचा, हा प्रश्न खरा आहे आणि तो त्याला छळतो याचा मला आदर आहे.

पण दुसरा म्हणाला, "पाप काय, गुन्हाच आहे. दवाखान्यात बोर्ड असतो ना!" अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. बोर्ड असतो, पण तो गर्भलिंग निदानाविरुद्धचा. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडला जाऊ नये यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाने १९९४ मध्ये. गर्भपाताला मात्र १९७१ च्या कायद्याने काही अटींवर परवानगी आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने तो करता येतो. लग्न झालेलं नसलं म्हणून त्या बाईला यातून वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं. हे वर्गात एकालाही माहीत नव्हतं. त्यांचा काय दोष? आपण सांगितलंय कधी?

आणि सही! "नवऱ्याची सही घेऊन या" हे वाक्य आमच्याकडे बायकांकडून मी कितीदा तरी ऐकलंय. कोकणात नवरा बहुधा मुंबईला. तो रजा मिळाली की येणार, नाहीतर गणपतीत. फोनवर हे बोलायची सोय नाही, कारण सासूबाई शेजारीच. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत होतो. सहीची वाट बघण्यात ते दिवस निघून जातात आणि मग जास्त त्रासाचा मार्ग उरतो. कायद्यात नवऱ्याच्या सहीची अट मुळी नाहीच. बाई अठरा वर्षांची असली की तिची एकटीची संमती पुरे. मुलगी लहान असेल किंवा मानसिक आजार असेल तरच पालकाची लागते. हे सांगितलं तेव्हा मुली वहीत लिहून घेत होत्या. परीक्षेला येणार नाही हे माहीत असूनही.

१८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तर आमच्याच तालुक्यातल्या मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. त्यांच्या मुलाने, रघुनाथरावांनी, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षं उलटली तरी आपण सही मागतोय.

सगळ्यात अवघड प्रश्न एका मुलीने विचारला. गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाच्या निर्णयाने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात होऊ शकतो, असं मी म्हणाले. ती उठली. तिच्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. (तिला विचारूनच लिहितेय.) "म्हणजे माझा भाऊ नसता तरी चाललं असतं?" कायदा अशा बाळांबद्दल बोलत नाही, हे मी सांगितलं, पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही आणि होऊही नये. निर्णय त्या आईचाच असावा, हे माझं मत ठाम आहे. तितक्याच ठामपणे मी म्हणते की अशा मुलाला वाढवायचं ठरवणाऱ्या आईला शाळा, उपचार, पैसा यांसाठी रत्नागिरी-मुंबई वाऱ्या कराव्या लागू नयेत. पाप म्हणणाऱ्या मुलालाही मी हेच म्हटलं, यासाठी तू माझ्याबरोबर ये. तो हो म्हणालाय.

दापोली, खेड, मंडणगडच्या डॉक्टरांना एक विनंती. गर्भलिंग निदानाच्या बोर्डाशेजारी आणखी एक बोर्ड लावा: 'गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही लागत नाही.' अक्षरं मोठी असू द्या. बोर्ड रंगवायचा खर्च मी देते.