पोटुशीला पपईच्या पानांचा रस पाजणाऱ्यांसाठी

माझ्या मावसबहिणीला सहावा महिना आहे. स्तनात गाठ लागली, डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं, सांगितली, तारीखही ठरली. तेवढ्यात सासरच्या ग्रुपवर ‘प्रत्येक गर्भवतीपर्यंत पोहोचवा’ असा लांबलचक मेसेज आला आणि तारीख पुढे गेली. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: गाठीला सुई लावली की कॅन्सर चवताळतो. केमो घेतली तर मूल मतिमंद होतं, म्हणून डॉक्टर आधी पोट पाडायला लावतात. आईचा कॅन्सर बाळाला लागतो. असे पेशंट इतके कमी असतात की डॉक्टरांनाही काही ठाऊक नसतं, परदेशात तर या बायकांवर प्रयोगच चालतात. आणि उपाय? पपईच्या पानांचा रस कोरफडीच्या रसात मिसळून रोज अनशापोटी.

उपायापासूनच सुरुवात करते, कारण माझं डोकं तिथेच फिरलं. ज्या घरात गरोदर सुनेच्या ताटात पपईची फोड दिसली तरी सासूबाई ओरडतात, त्याच घरात पपईच्या पानांचा रस गाळायला घेतात! पिकलेल्या फोडीची भीती अवाजवी असेलही. पण कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. कोरफडीचा पिवळा चीक म्हणजे तर सरळसरळ जुलाबाचं औषध. सहाव्या महिन्यात हे पोटात ढकलायचं, आणि घाबरायचं कशाला, तर सुईला.

ती सुई जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत टोचतात, आणि ती गरोदरपणातही टोचता येते. स्तनाच्या बायोप्सीने कॅन्सर चवताळत नाही. खरा धोका उशिराचा आहे. या दिवसांत स्तन जड होतात, ‘दुधाची गाठ असेल, बाळंतपणानंतर बघू’ असं घरचे म्हणतात, कधी डॉक्टरही म्हणतात, आणि महिने निघून जातात.

आता केमो. इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, तेव्हा केमो टाळतात. काही औषधं तर नऊही महिने वर्ज्य: मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन, ट्रास्टुझुमॅब. रेडिएशनचा निर्णयही फार जपून घेतात. पण साधारण चौदाव्या आठवड्यानंतर केमोची बरीच नेहमीची औषधं देता येतात, आणि पस्तिसाव्या आठवड्याच्या आसपास थांबवतात, म्हणजे बाळंतपणापर्यंत आईच्या रक्तपेशी सावरलेल्या असतात.

त्या मुलांचं पुढे काय होतं, हे कुणी पाहिलंय का? पाहिलंय. बेल्जियम, नेदरलँड्स, इटली आणि झेक प्रजासत्ताक इथल्या डॉक्टरांनी मिळून 129 मुलं तपासली. सगळ्यांच्या आयांना गरोदरपणातच कॅन्सरचं निदान झालेलं, आणि त्यांतल्या 96 जणांना पोटात असतानाच केमोला सामोरं जावं लागलेलं. निरोगी आयांच्या तितक्याच मुलांशी त्यांची तुलना केली. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 2015 साली ते छापून आलं. बौद्धिक वाढीत फरक नाही. ज्यांच्या हृदयाची तपासणी झाली, त्यांची हृदयं ठीक. कमी वजनाची मुलं या गटात 22 टक्के, दुसऱ्यात 15. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण मी लपवत नाही. गुण कमी पडले ते दोन्ही गटांतल्या अपुऱ्या दिवसांच्या मुलांना. म्हणजे केमोला घाबरून बाळ आधीच बाहेर काढण्याची जी घाई व्हायची, तीच बाळाला भोवत होती.

आणि पोट पाडायचं म्हणाल, तर स्तनाच्या कॅन्सरमध्ये केवळ गर्भपात केल्याने आईचं आयुष्य वाढत नाही. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत आक्रमक रक्ताचा कॅन्सर निघाला, तर तो विषय निघतो. सहाव्या महिन्यातल्या गाठीला तो चिकटवू नका.

बाळाला कॅन्सर लागतो का? जवळजवळ कधीच नाही. 2021 मध्ये जपानच्या डॉक्टरांनी दोन मुलांची हकिगत मांडली, आईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी जन्माच्या वेळी त्यांच्या फुप्फुसात गेल्या असाव्यात. दोन मुलं, म्हणून तर जगभर बातमी झाली.

राहिला ‘प्रयोगा’चा आरोप. साधारण हजार गरोदरपणांत एकदा कॅन्सर निघतो, त्यात विशिष्ट प्रकारची गाठ म्हटली की एखाद्या डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीत एक-दोनच पेशंट. एवढ्याशा अनुभवावर अंदाज बांधायचा नाही, म्हणूनच बेल्जियमच्या लुवेनमधल्या डॉ. फ्रेडेरिक आमांट यांनी 2005 च्या सुमारास देशोदेशींच्या नोंदी एकत्र करायला घेतल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या डॉक्टरांच्या जाळ्याने 2018 साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त 16 देशांतल्या 37 रुग्णालयांच्या 1170 बायकांची माहिती मांडली. वीस वर्षांत गरोदरपणातच उपचार घेणाऱ्या वाढल्या, जिवंत बाळं वाढली, मुद्दाम लवकर करवलेली बाळंतपणं घटली. केमोतल्या प्लॅटिनम गटातल्या औषधांनी बाळं लहान राहतात, टॅक्सेन गटातली दिल्यास अतिदक्षता विभागात जास्त बाळं जातात, हेही त्याच पानांवर लिहिलंय. अवघड केस असेल तर आपल्या डॉक्टरलाही या मंडळींचा सल्ला मागता येतो. कागदपत्रं ईमेलने जातात, पेशंटला बेल्जियमला जावं लागत नाही. पण पाठवायला हातात बायोप्सीचा रिपोर्ट लागतो.