आजी संपली आहे

मंगळवारी औषधाच्या दुकानातल्या विशीतल्या पोराने माझ्या हातातली गोळ्यांची स्ट्रिप अलगद काढून घेतली. "द्या काका, मी वाचतो," म्हणाला आणि एक्सपायरी अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी वाचून दाखवली. चंदेरी पत्र्यावर बिनरंगाचा ठसा मारायचा, तोही मुंगीच्या पावलाएवढा, आणि वाचता आलं नाही की दोष आमच्या डोळ्यांचा! असो. बुधवारी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

समोरचा तक्ता मी धडाधड वाचला. (मूळ तक्ता स्नेलन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ साली काढला, माणसाला खुर्चीत बसवून अपमानित करण्याची इतकी टिकाऊ सोय दुसरी नसेल.) शेवटच्या दोन ओळी मात्र नुसत्या माश्या. तपासणाऱ्या पोरीने डोळ्यापुढे बारीक भोकांची काळी पट्टी धरली आणि माश्यांची अक्षरं झाली! मी म्हटलं, बरा झालो. "नाही काका. बारीक भोकातून मोजकेच किरण आत जातात, म्हणून स्पष्ट दिसतं. म्हणजे भानगड बहुतेक नंबरचीच आहे." आणि जवळचं? "ती चाळिशी. वयामुळे डोळ्यातलं भिंग कडक होतं. स्नायूंनी कितीही जोर लावला तरी ते फुगत नाही. वय झालं की होतंच. वयाचंच आहे." तीन वेळा वय. मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून मला बाकावर बसवलं.

शेजारी काळा गॉगल लावलेले एक आजोबा होते. आठवड्यापूर्वी मोतीबिंदू काढलेला.

"थुंकी लावता का?" त्यांनी सुरुवातच अशी केली.

"काय?"

"सकाळची. चूळ न भरता. बारा वर्षं लावतोय मी."

"पण मोतीबिंदू झाला ना?"

"तो दुसऱ्या डोळ्याला झाला."

यावर काय बोलणार? मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला आणि तो माझ्या मांडीवर आला. "सूनबाईचा मेसेज दिसतोय. वाचा जरा."

माझ्या बाहुल्या एव्हाना बशीएवढ्या झाल्या होत्या. मी हात लांब केला. "अजून लांब धरा," आजोबा म्हणाले. "हात आखूडच आहे तुमचा." शेवटी मोबाइल त्यांनी धरला, दोन खुर्च्या पलीकडे जाऊन, आणि मी बाकावरून वाचायला लागलो.

"आजी... संपली आहे."

आजोबा शांत झाले. जरा वेळाने म्हणाले, "कुणाची?"

"लिहिलं नाहीये."

"आमचीच असणार. नातवंडं आजी म्हणतात ना हिला." मग गॉगल वर करून, "सकाळी पोहे केले होते हो तिने. पुढे काय लिहिलंय?"

"येताना मेथी घेऊन या."

"आता मेथी?" आजोबांचा आवाज चढला. "या सूनबाईला काही पाचपोच आहे का?"

माझ्या पोटात गोळा आला. काउंटरवरच्या मुलीला हाक मारली. तिने मोबाइल घेतला, वाचला, आणि ओठ दाबत म्हणाली, "भाजी संपली आहे."

आजोबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "इंग्रजी माध्यमातले का तुम्ही?"

त्याच मुलीने मग माझ्या हातात कागद दिला. "काका, वाचून खाली सही करा." थेंब घालून अर्धा तास झाल्यावर! संमतीपत्रच होतं म्हणे. थेंब घालायच्या आधी तो कागद द्यायला काय हरकत होती, हे मी विचारलं. "पद्धत आहे," असं उत्तर मिळालं. मी सही केली. कशावर, ते देव जाणे. घरदारसुद्धा लिहून दिलं असेल.

डॉक्टरांनी मला चार मिनिटं दिली. जवळचा नंबर दीड. चष्मा करायच्या आधी साखर तपासा, कारण साखर वरखाली होत असेल तर भिंगही फुगतं आणि नंबर हलतो. आणि सगळ्यात कामाची गोष्ट त्यांनी कधी सांगावी? मी बाहेर पडून चाचपडत चपला शोधत असताना, दारातून: "एकाएकी विजा चमकल्यासारखं झालं, डोळ्यापुढे पडदा आला, किंवा एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी या हं. थांबू नका." तोवर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं होतं. म्हणजे थुंकीवर अर्धा तास, आणि पडद्यावर एक वाक्य.

तीनचार तास गाडी चालवायची नाही म्हणून स्कूटर तिथेच ठेवून रिक्षा केली. डोळ्यांत ऊन भाल्यासारखं घुसत होतं. घराशी उतरताना विचारलं, "किती झाले?"

"चौऱ्याऐंशी."

मीटरच्या जागी मला लाल शेंदूर फासलेला दिसत होता. मग ती काळी पट्टी आठवली. मूठ वळली, करंगळीकडून बारीक फट ठेवली आणि दुर्बिणीसारखी डोळ्याला लावली. चौसष्ट.

"चौसष्ट आहेत," मी म्हटलं.

रिक्षावाला मागे वळला. मुठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मीच त्याला फसवल्यासारखा म्हणाला, "दिसतंय की काका तुम्हाला!"