‘तुम्हाला हार्मोन्स नकोच’, पण का?

मला सात वर्षांपासून सीएमएल आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, आपल्या भाषेत रक्ताचा कॅन्सर. रोज जेवणावर इमॅटिनिबची गोळी, तीन महिन्यांनी पीसीआर, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते सांगणारी तपासणी, बाकी संसार, नोकरी, कटकटी सगळ्यांसारख्याच.

गेल्या वर्षी पाळी गेली आणि रात्री घामाच्या धारा लागल्या. आजार पहिल्यांदा निघाला तेव्हाही असाच घाम यायचा. त्यामुळे अडीच वाजता अंधारात गाऊन बदलताना पाळी गेल्यावरचे हॉट फ्लश वगैरे सुचत नाही हो. आजार उलटला, एवढंच वाटतं. पीसीआर उत्तम आली. म्हणजे हे नुसतं वयाचं होतं. नुसतं!

गायनॅक बाईंनी फाइल उघडली, ‘ल्युकेमिया’ वाचलं आणि मिटली. “तुम्हाला हार्मोन्स नकोच. तुमच्या रक्ताच्या डॉक्टरांना विचारा.” रक्ताचे डॉक्टर म्हणाले, “हे गायनॅकलाच विचारा.” तीन महिने मी या टोलवाटोलवीतला चेंडू होते.

नाही म्हणा, पण कशामुळे ते सांगा की. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून एचआरटीची, म्हणजे पाळी गेल्यावर बाहेरून हार्मोन्स देण्याच्या उपचाराची, धास्ती बसली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशा दोन हार्मोन्सची गोळी पोटात घेत होत्या. त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या, हे खरंच. पण स्तनाचे बरेचसे कॅन्सर इस्ट्रोजेनवर पोसतात, सीएमएल तसा नाही. तो बीसीआर-एबीएल नावाच्या बिघडलेल्या जनुकावर चालतो.

आमच्याबाबतीत विचारायचं ते वेगळंच. प्लेटलेट्स किती? पूर्वी गुठळी झालीय का? औषध कोणतं चालू आहे? निलोटिनिब किंवा पोनाटिनिब या सीएमएलच्याच दुसऱ्या गोळ्यांनी रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात, तिथे दहादा विचार हवा. सीएलएल या रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरसाठी इब्रुटिनिब घेणारीला रक्तस्रावाची काळजी. इमॅटिनिब यकृतातल्या ज्या एन्झाइमला आवरतं, त्याच्यावरच काही हार्मोन्सचा निचरा अवलंबून असतो, म्हणून डोस जपून. पोटातली इस्ट्रोजेनची गोळी आधी यकृतातून जाते आणि गुठळ्यांचा धोका वाढवते. कातडीवरच्या जेलचं किंवा पॅचचं तसं होताना दिसत नाही. गर्भाशय असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच. सीएमएलच्या बायकांवर एचआरटीचे वेगळे मोठे प्रयोग झालेले नाहीत, म्हणून सरसकट ‘हो’ कुणी म्हणू नये. पण मग सरसकट ‘नको’ तरी कशाच्या जोरावर?

आणि ‘नको’ काही फुकट पडत नाही. बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर तिशीतच पाळी गेलेल्या मुली असतात. त्यांना पुढची वीस वर्षं इस्ट्रोजेनविना ठेवलं तर हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही भोगावं लागतं. कॅन्सरमधून वाचलीस ना, मग बाकीचं सोस, हा हिशेब मला मान्य नाही.

शेवटी मीच स्पीकरफोन लावून दोघांना एकमेकांशी बोलायला लावलं. अकरा मिनिटं लागली. तीन महिन्यांचं काम! बीपी, मॅमोग्राम, लिव्हरच्या तपासण्या झाल्या आणि जेल सुरू झालं, सगळ्यात कमी डोसवर. माझी औषधं माझ्या रिपोर्टवर बेतलेली आहेत, उगाच ही पोस्ट दाखवून मेडिकलमधून आणू नका.

काल यांनी विचारलं, “हे दंडाला रोज काय चोळतेस?” म्हटलं, झोप. पुढची पीसीआर बावीस तारखेला आहे.